धामणीचे धनुष्य

घरोघरी भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत श्रीरामाच्या हाती जे धनुष्य असते ते दोन्ही अंगांनी अगदी एकसारखे असते. कंपासने आखल्याप्रमाणे वळलेले दोन्ही बाहू, दोन्ही टोकांना सारखीच नक्षी आणि नेमकी मध्यावर मूठ. दशावतारी खेळातही निराळे दिसत नाही. गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडणे महालात जत्रांच्या दिवसांत दशावतार रात्रभर रंगतो. त्यातील राम किंवा अर्जुन वेताची काठी वाकवून वर बेगड चिकटवलेले धनुष्य घेऊन येतो आणि झांजेच्या ठोक्यावर न दिसणारा बाण सोडतो. प्रेक्षकांना तो बाण लागल्याचे दिसते, इतकी त्या नटाची ताकद. धनुष्याने मात्र तेथे काही करायचे नसते. ते सुरेख दिसले की पुरते.

ज्यातून बाण खरोखर सुटतो असे लाकडी धनुष्य इतके सुरेख क्वचितच असते. झाड आपल्या सोयीने वाढत नाही. फांदी फुटली तेथे गाठ राहते. ऊन ज्या बाजूने आले तिकडे खोड कलते. एकाच ओंडक्याच्या बुंध्याकडचा कस निराळा आणि शेंड्याकडचा निराळा. अशा लाकडाचे धनुष्य करायचे म्हणजे त्याचे दोन बाहू दिसायला सारखे करणे नव्हे, वाकायला सारखे करणे होय. ओबडधोबड धनुष्य तासून तयार करायला कसबी सुताराला एक दिवस पुरतो. त्याचा बाक जुळवायला आठवडे लागतात. दोर ओढला असता मुठीच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही बाहू सारख्याच ओढीने, कोठेही खट्टा न पडता, वाकले पाहिजेत. हे जमले नाही तर बाण भलतीकडे जातो, किंवा लाकूड हातातच मोडते. प्रस्तुत लेख या बाक जुळवण्याविषयी आहे.

तत्पूर्वी दोन शब्द शब्दांविषयी. भाषेच्या शिक्षकाला हा मोह आवरत नाही, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. अमरकोशात धनुष्याच्या निरनिराळ्या भागांना निरनिराळी नावे दिली आहेत. मुठीच्या जागेला ‘लस्तक’, टोकाला ‘कोटी’ व ‘अटनी’, आणि दोरीला ज्या, मौर्वी, शिंजिनी, गुण अशी चार नावे. ज्या समाजात एखाद्या वस्तूच्या प्रत्येक भागाला नाव असते, त्या समाजात ती वस्तू रोज कोणीतरी करीत असते आणि रोज कोणीतरी दुरुस्त करीत असते. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्ये कशाची करावीत हे सांगितले आहे. ताड, वेळू, लाकूड आणि शिंग ही ती चार द्रव्ये. दोरीसाठीही त्याने सहा द्रव्ये सांगितली असून त्यांत रुईचा आणि तागाचा तंतू आहे. रुई म्हणजे मारुतीला वाहतो तीच. ‘ज्या’ या शब्दाचा प्रवास तर फारच लांबचा. आर्यभटाच्या गणितातील ‘ज्या’ अरबीत गेली, तेथे तिचे वाचन बदलले, लॅटिनमध्ये तिचे भाषांतर झाले, आणि त्रिकोणमितीच्या तासाला आमची मुले जे ‘साइन’ घोकतात ते तीच धनुष्याची दोरी होय. मराठीत बोलीचा शब्द ‘कमठा’ किंवा ‘कामठी’. ‘तीरकमठा’ हा जोडशब्द खेड्यापाड्यांत अजून ऐकू येतो.

कौटिल्याच्या चार द्रव्यांपैकी लाकूड हे गोव्याच्या मातीतले. त्यातही धामण. धामण म्हणताच अनेकांच्या डोळ्यांपुढे साप येईल, पण येथे अभिप्रेत आहे ते पश्चिम घाटाच्या पानझडी रानांत वाढणारे एक झाड. उन्हाळ्यात बाजारात येणाऱ्या फालशाचे हे भावंड. याला वाटाण्याएवढी फळे धरतात, पिकली की काळी होतात, आणि रानात हिंडणारी मुले व पाखरे ती सारख्याच आवडीने खातात. संस्कृतात याला ‘धन्वन’ म्हणतात, आणि भावप्रकाश निघंटूत याचे एक नाव सरळ ‘धनुर्वृक्ष’ असे दिले आहे. याचे लाकूड चिवट. वाकते, आणि सोडले की मागे येते. म्हणूनच गाडीचे दांडे, कुऱ्हाडीचे व फावड्याचे दांडे, होडीची वल्ही यांसाठी जाणती माणसे धामण शोधीत. सालीचा वाख निघतो, त्याचे दोर वळतात. म्हणजे एकाच झाडाने धनुष्यही द्यावे आणि दोरीही द्यावी, अशी सोय आहे.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले, तेव्हा झाडांची फार पडझड झाली. डिचोली तालुक्यातील एका कुळागराच्या कडेची धामण त्या वादळात आडवी झाली. कुळागर म्हणजे आमच्याकडची माडापोफळीची पाणथळ बाग. झाडाचा बराचसा भाग जळणाला गेला. मांडीएवढ्या जाडीचा, पुरुषभर लांबीचा एक तुकडा मात्र गावातल्या एका वृद्ध मेस्तांनी मागून घेतला. सुताराला गोव्यात मेस्त म्हणतात. हा पोर्तुगीज ‘मेस्त्र’चा अवशेष. मेस्तांनी तो तुकडा पाचरी ठोकून उभा चिरला. करवत लावली नाही. चिरलेले लाकूड आपल्या रेषेने फुटते, करवत ती रेष कापते, असे त्यांचे म्हणणे, आणि धनुष्याच्या बाबतीत ते तंतोतंत खरे आहे. दोन्ही फाळी त्यांनी टोकांना शेणमाती लिंपून चुलीवरच्या माळ्यावर टाकल्या. टोके उघडी ठेवली तर तेथून पाणी भराभर उडते आणि लाकूड चिरफाळते. दोन पावसाळे त्या तेथे धुरात होत्या. २०२४ च्या जानेवारीत त्यांतील एक खाली उतरली. शाळेच्या स्नेहसंमेलनात एकलव्याचा प्रवेश व्हायचा होता, आणि मुलांना बेगडी नव्हे तर खरे धनुष्य दाखवावे अशी माझी इच्छा होती. म्हणून चार रविवार मी त्यांच्या पडवीत बसून होतो. स्नेहसंमेलन धनुष्य पुरे होण्याआधीच उरकले, आणि एकलव्याने वेताच्या काठीवरच भागवले.

ती फाळ पाहून कोणाही सुताराने नाक मुरडले असते. वरच्या अर्ध्या भागात दोन गाठी. एक रुपयाच्या नाण्याएवढी, मुठीपासून वीतभर अंतरावर, बरोबर मध्यात. दुसरी लहान, पण नेमकी कडेला. खालचा अर्धा भाग स्वच्छ, परंतु त्याला एका बाजूला झोक आणि मधेच एक खळगा. आमच्याकडे शाळेतील कार्यानुभवाच्या तासाला असे लाकूड आले तर ते पहिल्याच दिवशी बाजूला पडते. मेस्तांनी ते बोटांनी चाचपून पाहिले, जसे वैद्य नाडी पाहतो. मग साल काढली, तीसुद्धा बोथट पात्याने. सालीखालचा जो थर, त्याला धनुष्य पुरे होईपर्यंत धारेचे हत्यार लागू द्यायचे नाही.

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. धनुष्याची जी बाजू लक्ष्याकडे असते ती त्याची पाठ, धनुर्धराकडे असते ते पोट. दोर ओढला की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. पाठीवरचे लाकडाचे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड असतील तर ते दोराप्रमाणे ताण सोसतात. एका ठिकाणी जरी रंध्याने ते कापले, तरी त्या कापल्या जागेतून कपची उचलली जाते आणि मग धनुष्य फुटते. झाडाने वर्षाचे एकेक वलय घातलेले असते. पाठीवर एकच वलय मुठीपासून दोन्ही टोकांपर्यंत राखायचे. जे काही तासायचे ते पोटाकडून.

आणि तासताना विसरता येत नाही असे एक गणित. बाहूची रुंदी निम्मी केली तर त्याचा ताठपणा निम्मा होतो. पण जाडी निम्मी केली तर तो निम्मा होत नाही, एकअष्टमांश होतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी नुसती एकदशांशाने कमी झाली तरी त्या जागेचा ताठपणा चतुर्थांशाहून थोडा अधिक घटतो. बोटाएवढ्या जाड लाकडावरून नखाएवढी ढलपी गेली म्हणजे केवढा फरक पडतो, हे यावरून ध्यानात यावे. मेस्तांना हे गणित या शब्दांत ठाऊक नव्हते. पहिल्या दिवशी वाकस, दुसऱ्या दिवशी रंधा, मग कानस, आणि शेवटचे पंधरा दिवस फुटक्या बाटलीची काच, असे त्यांनी हत्यार बदलत नेले. मी काही विचारले की बहुधा एकच उत्तर येई, “मास्तर, काडूक येता, घालूक येना.” काढता येते, परत घालता येत नाही.

आखणी करताना त्यांनी दोरी मारून सरळ रेघ ओढली नाही. तंतू जसे गेले होते तशी कोळशाने रेघ काढली. ती नदीसारखी वळत वळत गेली, मोठ्या गाठीपाशी जरा फाकली, पुन्हा जुळली. गाठीभोवती लाकडाचे तंतू खडकाभोवती पाणी वळावे तसे वळलेले असतात. गाठ स्वतः कठीण, पण तिचा आसमंत दुबळा. म्हणून गाठीच्या दोन्ही बाजूंना कडेला लाकूड जास्त ठेवायचे आणि गाठीवर पाठीकडे उंचवटा आला तर तो तसाच राहू द्यायचा. पाहणाऱ्याला वाटते की सुताराने आळस केला. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोज’ हे लढाऊ जहाज १५४५ मध्ये बुडाले, आणि १९८२ मध्ये त्याचा सांगाडा समुद्रातून वर काढण्यात आला. त्यातून शंभराहून अधिक अखंड धनुष्ये मिळाली. ती ‘यू’ नावाच्या सूचिपर्णी झाडाची आहेत, राजाच्या आरमारासाठी केलेली आहेत, आणि त्यांवरच्या गाठी अशाच उंचवटे ठेवून राखलेल्या आहेत. राजाच्या कारागिरानेही जे घासून गुळगुळीत केले नाही ते डिचोलीच्या पडवीत मेस्तांनी केले नाही, यात नवल वाटू नये. लाकूड दोन्हीकडे सारखेच वागते.

खालच्या बाहूचा एका बाजूचा झोक काढण्यासाठी त्यांनी खोबरेल चोळून तो भाग निखाऱ्यांवर धरला. हात टेकवत नाही इतके लाकूड तापल्यावर दोन खुंट्यांच्या बेचक्यात घालून तो हळूहळू वळवला आणि थंड होईपर्यंत दाबून धरला. असे तीनदा केले. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणली, ती मुठीच्या मध्यावरून जाते असे पाहिले, आणि झोक पुरा गेला नव्हता तरी समाधान मानले. दोर मुठीवरून जातो ना, मग वाटेत बाहूला वळण असले तर असो. खळगा तर त्यांनी तसाच ठेवला. पाठ जेथे आत जाते तेथे पोटही तितकेच आत न्यायचे. जाडी सारखी राहिली पाहिजे, रेषा नव्हे.

येथपर्यंत जे झाले ते आकाराचे काम. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सरहद्दीवर बर्फात जो पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, त्याच्याजवळचे धनुष्य याच अवस्थेत होते. सुमारे १८२ सेंटिमीटर लांब, यू लाकडाचे, पोटाकडून तासल्याच्या खुणा अजून ताज्या, आणि पुरे न झालेले. त्याच्या जगण्याच्या साधनांत तांब्याची कुऱ्हाड तयार होती, भात्यातले दोन बाण तयार होते, बाकीचे बारा अपुरे होते. लोक त्या माणसाविषयी बोलताना त्याच्या कुऱ्हाडीचे कौतुक करतात. माझे लक्ष सारखे त्या अपुऱ्या धनुष्याकडे जाते. लाकडाची काठी होती, धनुष्य व्हायचे होते.

काठीचे धनुष्य व्हायला लागणारी साधने फार थोडी. मेस्तांनी पडवीच्या खांबाला, छातीच्या उंचीवर, एक बेचके ठोकले आणि खाली दोन दोन बोटांच्या अंतराने खाचा पाडल्या. धनुष्याची मूठ बेचक्यात ठेवायची, दोर खाली ओढून एकेका खाचेत अडकवायचा आणि दहा पावले मागे जाऊन पाहायचे. आधी तर दोरही लावला नव्हता. नुसते टोक जमिनीवर टेकवून, मुठीवर भार देऊन, बाहू वाकतो तरी का हे पाहिले. मग ढिला दोर, पहिली खाच, दुसरी खाच. मागच्या पांढऱ्या भिंतीवर कोळशाने एक कमान काढून ठेवली होती. तिच्यापुढे वाकलेले धनुष्य धरले की कोठे ते कमानीला सोडून सरळ राहते ते दिसते. जेथे सरळ, तेथे ताठ. तेथे कोळशाची खूण करायची, धनुष्य खाली घ्यायचे, खुणेवरून काचेने पाच-सहा वेळा खरवडायचे. मग दोर लावून तीस वेळा हळूहळू ओढायचे आणि सोडायचे. खरवडल्याचा परिणाम लाकडात लगेच दिसत नाही, ओढल्यावर दिसतो. हे तीस वेळा ओढणे जो टाळतो तो पुढच्या खेपेस जास्त खरवडतो, आणि तेथे फसतो. दोर कधीही शेवटपर्यंत ओढायचा नाही. जितक्या ओढीपर्यंत बाक जुळला आहे तितकाच. ‘तुटेपर्यंत ताणू नये’ हे आपण संसारात एकमेकांना सांगतो. येथे ते शब्दशः पाळावे लागते.

तिसऱ्या रविवारी पाचव्या खाचेवर तो प्रसंग आला. वरच्या बाहूतील कडेची लहान गाठ, जिची आजवर कोणी फारशी दखल घेतली नव्हती, तिच्यापाशी बाहू कोपरासारखा वाकू लागला. बाकीचा बाहू जवळजवळ सरळ आणि तेथे मोड. याला बिजागरी पडली म्हणतात. असे धनुष्य आणखी दोन खाचा ओढले की पोटावर त्या जागी आडव्या बारीक सुरकुत्या उमटतात, दाबाने तंतू चिरडल्याच्या त्या खुणा, आणि मग आज ना उद्या ते तेथेच मोडते. अडीच वर्षे माळ्यावर वाळलेले लाकूड, तीन आठवड्यांची मेहनत, आणि आता हे. मला वाटले, त्या जागेला काही जोडता येईल, दोरा गुंडाळता येईल. मेस्तांनी मान हलवली. दोऱ्याने फुटणे थांबते, वाकणे थांबत नाही. दुबळ्या जागेत बळ भरता येत नाही, हे एकदा स्वीकारले की मग उपाय एकच उरतो. ती जागा सोडून द्यायची. तिच्या वरचा भाग, तिच्या खालचा भाग, आणि मग संपूर्ण दुसरा बाहू, जो निर्दोष होता, तोसुद्धा, खरवडून खरवडून तिच्या पातळीला आणायचा. चांगले लाकूड काढून टाकावे लागते, आणि ते काढताना हात चालत नाही. मेस्त दोन दिवस ते धनुष्य खांबाला टेकवून ठेवून दुसऱ्याच कामाला लागले होते. तिसऱ्या दिवशी सुरुवात केली, ती गाठीपासून सर्वांत दूर, खालच्या टोकाकडून.

त्याचा परिणाम ओढीवर झाला, तो व्हायचाच. आम्ही ठरवले होते की पूर्ण ओढल्यावर हे धनुष्य अठरा किलो वजनाएवढा जोर मागेल. भंगारवाल्याचा लटकता काटा आणून शेवटी मोजले तेव्हा तो जोर साडेतेरा किलो भरला. रानडुकराला थोपवायला तो पुरा पडला नसता, पण रानडुकराला थोपवायचेच नव्हते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. शाळेतल्या पोरांना गवताच्या पेंढीवर नेम धरायला साडेतेरा किलो म्हणजे थोडे जास्तच.

आता हे धनुष्य दोर चढवून समोर ठेवले तर ते वाकडे दिसते. वरचा बाहू गाठींपाशी फुगलेला आणि पाठीवर उंचवटे घेतलेला. खालचा सापासारखा, एक खळगा घेऊन एका बाजूला किंचित कललेला. तसबिरीतल्या रामाच्या हाती ते द्यायचे तर चित्रकार नकार देईल. पण दोर पूर्ण ओढला की दहा पावलांवरून पाहणाऱ्याला एक सलग कमान दिसते, आणि मुठीच्या वरचा बाक कोणता व खालचा कोणता हे ओळखू येत नाही. दोरापासून बाहूचे अंतर दोन्हीकडे सारख्या जागी मोजले, तर वरचे गव्हाच्या दाण्याएवढे जास्त भरते. तेही मुद्दाम. बाण मुठीच्या वरून जातो, हात बरोबर मध्यावर नसून जरा खाली पडतो, म्हणून खालचा बाहू किंचित ताठ ठेवतात. आजच्या ऑलिंपिक स्पर्धांतील धातूचे आणि कार्बनचे धनुष्यही या नियमातून सुटलेले नाही. तेथे हेच अंतर मळसूत्र फिरवून मिळवतात. काढलेले परत घालण्याची सोय त्यांना आहे, एवढाच फरक.

दोर चढवल्यावर तो मुठीपासून किती दूर असावा, याला जुने माप आहे. मूठ वळून दोरासमोर उभी धरायची आणि अंगठा ताठ करायचा, तो दोराला टेकला पाहिजे. माप माणसागणिक बदलते. धनुष्यही ज्याच्या त्याच्यासाठी केलेले असते, तेव्हा बिघडत नाही.

लाकडी धनुष्य कोठे मोडते हे ठाऊक झाल्यावर सीतास्वयंवराची कथा वाचताना मन थोडे वेगळे चालते. वाल्मीकींच्या वर्णनात ते शिवधनुष्य लोखंडी पेटीत ठेवलेले आहे, पेटीला आठ चाके आहेत, आणि राम दोर चढवून ओढतो तेव्हा ते मध्यभागी मोडते. पिढ्यान्‌पिढ्या दोर न चढवलेले, कोरडे पडलेले धनुष्य एकदम पूर्ण ओढले तर ते मोडावे, आणि मोडायचे तर जेथे सर्वांत अधिक वाकते तेथे मोडावे, हे कोणीही मेस्त सांगेल. यात श्रीरामाच्या पराक्रमाला उणेपणा येतो असे मला वाटत नाही. उलट ज्याने ते काव्य रचले त्याने धनुष्य जवळून पाहिले होते, याचीच खूण पटते.

मोडण्याचा विषय निघाला म्हणून हवेविषयी. कौटिल्याने शिंगाचे धनुष्य सांगितले आहे. शिंग, लाकूड आणि स्नायू सरसाने जोडून केलेली तशी धनुष्ये घोड्यावरून लढणाऱ्या फौजांची आवडती होती. लांबीला आखूड, माऱ्याला जबर. पण सरस दमट हवेत सुटतो, आणि कोकण-गोव्याचा चार महिन्यांचा पाऊस सरसाला मानवत नाही. पुढे मोगल काळात हिंदुस्थानात पोलादाची धनुष्ये झाली, त्यामागे कोठारात न बिघडण्याचा गुण हे एक कारण होतेच. एकसंध लाकडाचे किंवा वेळूचे धनुष्य दमट हवेत सुटत नाही, मऊ पडते. मेस्तांचे धनुष्य श्रावणात काट्याला लावले तेव्हा जवळजवळ दीड किलोने मऊ भरले. अशा दिवसांत दोर चढवून ठेवला तर लाकूड बाक धरते आणि तो पुन्हा जात नाही. म्हणून पावसाळ्यात दोर उतरवून, दोन खुंट्यांवर आडवे ठेवायचे. कोपऱ्यात टोकावर उभे केले तर खालचा बाहू आपल्याच भाराने कलतो.

हे सगळे उपद्व्याप वेळूत कमी आहेत, आणि म्हणूनच आपल्या देशात वेळूच्या धनुष्याचे राज्य फार जुने. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इराणच्या बादशहाच्या फौजेतील हिंदी सैनिकांच्या हाती वेताची धनुष्ये असल्याचे लिहिले आहे. आपण ज्याला वेळू म्हणतो तेच त्याला अभिप्रेत असावे. सातपुड्यातील भिल्लांचा कमठा वेळूचा, आणि त्याची दोरीही वेळूच्याच सालीची पातळ पट्टी. एका बेटातून सारे शस्त्र निघते. पण वेळूलाही पेरे आहेत, दोन पेरांमधले अंतर बुंध्याकडे निराळे आणि शेंड्याकडे निराळे आहे, आणि पेर वाकत नाही. तेव्हा भिल्ल कारागीरही पोटाकडून तासतच असतो. आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ नावाचा प्रकार आहे, तो वेळूच्या साध्या धनुष्यांनी खेळला जातो. परदेशी बनावटीच्या धनुष्यासाठी लाखांवर रुपये मोजण्याची ऐपत नसलेली मुले तेथूनच पुढे येतात. ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा २०२३ मध्ये गोव्यातच भरल्या आणि त्यांत धनुर्विद्या होती. त्या पाहून आल्यावर आमच्या शाळेतल्या मुलांनी चिवारीच्या काठ्यांना सुतळ्या बांधून महिनाभर मैदान गाजवले. त्या काठ्या दोन्ही टोकांना सारख्या वाकतात की नाही हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. बाण डावीकडेच का जातो, हा प्रश्न मात्र त्यांतल्या एका मुलीने मला विचारला, आणि या लेखातले बरेचसे शोधायला मी त्यामुळेच लागलो.

धामण आता पूर्वीसारखी सहज दिसत नाही. डिचोलीत खाणींनी डोंगरांचे माथे उतरवले. खाणकाम २०१२ मध्ये थांबले, मधे चालू झाले, २०१८ मध्ये पुन्हा थांबले, आणि २०२२ पासून लिलावांनी पुन्हा हालचाल सुरू झाली. पण उतरलेले माथे उतरलेलेच राहिले. पेडण्यात मोपाच्या सड्यावर डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले, त्यासाठी तेथली झाडे गेली. त्यांत धामणी किती होत्या हे मोजण्याचे कारण कोणाला पडले नसेल. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे गोव्यात उभे झाड तोडायला परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. धनुष्यासाठी उभी धामण पाडावी असे मीही म्हणणार नाही. फाळ मिळायची तर ती वादळाकडूनच मिळायची.

मेस्तांच्या माळ्यावर त्याच ओंडक्याची दुसरी फाळ अजून आहे. तिला तीन गाठी आहेत, पैकी एक मुठीच्या जागी, आणि ती जागा वाकायची नसल्यामुळे ती गाठ हिशेबात धरायची नाही, असे त्यांनी मला मुद्दाम बोट ठेवून दाखवले. त्यांची नजर आता अधू झाली आहे. दहा पावलांवरून कमान दिसते, पण काचेने किती गेले ते दिसत नाही, बोटाने पाहावे लागते. तो प्रश्न विचारणारी मुलगी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तेथे जाऊ लागली आहे. सध्या तिच्याकडे काच दिलेली नाही. दोर ओढून खाचेत अडकवायचा आणि मागे जाऊन कोठे सरळ दिसते ते सांगायचे, एवढेच काम. तिने सांगितलेली जागा मेस्त कोळशाने खूण करून ठेवतात, आणि मग स्वतः बोट फिरवून पाहतात.